गळ्याची वारस

कमळाबाईंना लग्नातली एकूण एक गाणी तोंडपाठ होती, आणि घात झाला तो तिथेच. माणूस म्हातारं झालं की विसरतं, एवढंच लोकांना ठाऊक असतं. जे विसरत नाही ते ठणठणीत, असा आपला सरळ हिशोब. मानपाड्याच्या आगरी वस्तीतली शहात्तर वर्षांची बाई मांडवापासून पाठवणीपर्यंतचे धवले एका शब्दाचीही चूक न करता म्हणते म्हटल्यावर, तिच्या डोक्यात काही बिघडलंय असं म्हणायची कोणाची छाती होती? होती एकीची. तिच्या सुनेची, नयनची. आणि सुनेनं सासूच्या डोक्याबद्दल काही बोलावं नि लोकांनी ते निमूट ऐकून घ्यावं, असा काळ डोंबिवलीत अजून आलेला नाही.

कमळाबाई धवलारीण. आगरी लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणून मोकळा होतो, पण हळदीपासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं आपलं गाणं असतं, ते धवला. ते धवलारणीनं उचलायचं आणि बाकीच्या बायकांनी तिच्यामागे म्हणायचं. गाणं झाल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. तेव्हा गाणी पाठ असणं हे अर्धंच काम. कोणतं आधी, कोणतं नंतर, कुठे थांबायचं, गाण्यात देवांची आणि घरच्या पितरांची नावं गुंफताना कोणाचं घ्यायचं आणि कोणाचं गिळायचं, हे दुसरं अर्धं. कोणाच्या घरातली थोरली सून कशी गेली, कोणाच्या चुलत्याशी बोलणं बंद आहे, हे सगळं धवलारणीला माहीत असतं आणि ते तिच्या पोटात राहतं. कमळाबाईंच्या पोटात अर्धा मानपाडा होता. पन्नास वर्षांत त्यातलं अवाक्षर बाहेर आलं नव्हतं.

नयन या घरात आली सत्तावीस वर्षांपूर्वी, कोपर गावातून. बाप लहानपणी गेलेला, मामाच्या घरी वाढलेली. मामाकडे जेवायला मिळालं, कपडे मिळाले, पण कधी कोणी तिचं कौतुक केलं असं झालं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच लग्नसराईत कमळाबाईंनी तिचा हात धरला आणि मांडवातल्या सगळ्या बायकांसमोर सांगून टाकलं, "ही माझे गल्याची वारस हाय."

घरात सख्खी लेक होती. चित्रा, एकोणीस वर्षांची, तीही गायची. तिला बाजूला ठेवून कमळाबाईंनी नव्या सुनेला निवडलं, म्हणून गावात त्यांचं नाव झालं. असं मन कोणाचं असतं, लोक म्हणाले. नयनला तर त्या रात्री झोप लागली नाही. ते एक वाक्य तिनं सत्तावीस वर्षं जिवापाड जपलं. नवरा दिपेश चार दिवस नीट बोलला नाही तरी ते वाक्य पुरायचं.

त्या वाक्याची किंमत तिनं भरपूर मोजली. अंगणवाडी सेविकेची ऑर्डर आली होती तेव्हा कमळाबाई म्हणाल्या, "लग्नसराईत माझे मागं कोन बसंल गो?" नयननं ऑर्डर कपाटात ठेवली आणि सासूमागे बसली. किती मांडव झाले याची गणती नाही. सासूनं ओळ म्हणायची, हिनं मागून धरायची. सत्तावीस वर्षांत एक अख्खं गाणं एकटीनं म्हणायची वेळ तिच्यावर आली नाही. एकदा तिनं होऊन विचारलं, तर कमळाबाईंनी तिच्या गळ्यावरून मायेनं हात फिरवला. "गला जप. तुझी पाली येल तवा लागंल."

पाळी कधी येणार हेही ठरलेलं होतं. या घराची रीत अशी की धवलारीण आपलं ताट, म्हणजे नारळ, विड्याची पानं आणि मूठभर तांदूळ ठेवलेलं पितळी ताट, घरातल्याच लग्नात पुढचीच्या हातात देते. कमळाबाईंना ते त्यांच्या सासूनं, सखुबाईंनी, दिराच्या लग्नात दिलं होतं. आता घरातलं पुढचं लग्न नयनच्याच लेकीचं, समृद्धीचं. फेब्रुवारीतली तारीख धरली होती. वस्तीतली पोरंटोरंसुद्धा म्हणायची, समृद्धीच्या हळदीला ताट नयनकाकीला मिळणार.

पहिली गोष्ट खटकली ती दोन वर्षांपूर्वी, सोनारपाड्याच्या एका हळदीत. नवरी पाटावर, अंगाला हळद लागतेय, आणि कमळाबाईंनी पाठवणीचा धवला उचलला. नवरीच्या आईनं सवयीनं डोळ्याला पदर लावला आणि मग गोंधळून इकडे तिकडे पाहिलं. नयन मागेच होती. तिनं सासूचा गुडघा दाबला. कमळाबाई थांबल्या. नयननं कानात हळदीच्या गाण्याची पहिली ओळ सांगितली आणि गाडी रुळावर आली. कोणाला काही कळलं नाही.

मग तेच चालू झालं. एकदा दाबलं की थांबायचं, दोनदा दाबलं की पुढचं, आणि पुढचं कोणतं ते कानात. शब्द सांगायची वेळ कधी आली नाही, शब्द पक्के होते. सुरुवात केली की थांबायचं कधी, हे त्यांना उमगेना. घरात तीच तऱ्हा. एका सकाळी तांदळाच्या भाकऱ्या करायला बसल्या, चौघांच्या घरात चाळीस भाकऱ्या झाल्या. पीठ संपलं म्हणून हात थांबला, नाहीतर थांबला नसता. भाकऱ्या एकसारख्या गोल, काठ न फाटलेल्या. दिपेश म्हणाला, "बघ, या वयात कसला हात आहे आईचा." आणि उरलेल्या भाकऱ्या वस्तीत वाटून आला.

दुसरं बिघडलं ते तोंड. एका लग्नात कमळाबाईंनी नवऱ्यामुलाच्या आईला सगळ्यांदेखत विचारलं, "पयली सून तुझे जाचानं पलाली, आता हिला तरी नीट नांदवशील का?" गोष्ट सोळा आणे खरी होती. म्हणून तर ती बोलायची नव्हती. पण समृद्धीच्या एका मैत्रिणीनं त्याचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला आणि तीन दिवसांत कमळाबाई 'बिनधास्त आजी' झाल्या. लाखो लोकांनी पाहिलं. मग काय, आमंत्रणं वाढली. जन्मभर जी बाई लोकांची अब्रू पोटात घालून बसली, तिला कोणी ओळखत नव्हतं. ती वेशीवर टांगायला लागली तेव्हा लोक सेल्फी घ्यायला आले.

समृद्धी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नोकरीला होती. पोरगी हुशार, तिच्या लक्षात आलं. तिनंच कोपरीतल्या एका डॉक्टरांकडे नंबर लावला आणि ऑक्टोबरातल्या एका शनिवारी तिघी गेल्या. डॉक्टर उर्वी, चाळिशीच्या आतली, शांत बोलणारी. तिनं कमळाबाईंना आजी म्हटलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि मग तपासायला घेतलं.

आधी हाताचा खेळ. टेबलावर मूठ, मग हाताची कड, मग तळवा, असं एकामागून एक करत राहायचं. कमळाबाईंनी पहिल्यांदा बरोबर केलं. दुसऱ्यांदा मूठ, कड, मूठ. मग नुसती मूठ, मूठ, मूठ. मग टाळ्या. डॉक्टरनं एक वाजवली की यांनी दोन वाजवायच्या, डॉक्टरनं दोन वाजवल्या की यांनी गप्प राहायचं. जन्मभर टाळीवर गाणं धरलेली बाई. ती डॉक्टरच्या प्रत्येक टाळीला टाळी देत राहिली, हसतमुखानं. गप्प राहायचं तेवढं जमेना. मग क वरून शब्द सांगायचे होते एका मिनिटात. "कमल, कोंबरी, कालवन," आणि पुन्हा "कमल, कोंबरी, कालवन." शेवटी डॉक्टरनं ते पाच शब्द विचारले. कमळाबाईंनी पाचही सांगितले, सांगितले त्याच क्रमानं, आणि वर एक धवला म्हणून दाखवला.

समृद्धी आजीला घेऊन बाहेर बसली. डॉक्टरनं नयनला मेंदूचं चित्र दाखवलं.

"यांची स्मरणशक्ती तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली आहे. प्रश्न तिचा नाहीच. कपाळाच्या मागे मेंदूचा हा पुढचा भाग आहे, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात याला. हा गाणी साठवत नाही, ती दुसरीकडे असतात. हा ठरवतो. आधी काय, नंतर काय, कुठे थांबायचं, नियम बदलला की आपण कसं बदलायचं. आणि मनात आलेलं काय बोलायचं नाही. वय झालं की मेंदूचा हा भाग लवकर झिजायला लागतो. सगळ्यांचाच, माझाही झिजेल. यांचा वयाच्या मानानं जास्त झिजलाय."

"पण लग्नं तर सगळी नीट झाली, मॅडम."

"कशी झाली?"

नयननं गुडघ्याचं सांगितलं. डॉक्टरनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"म्हणजे त्यांच्या मेंदूचं हे काम दोन वर्षं तुम्ही करताय."

इतक्या वर्षांत नयनच्या कामाला कोणी नाव दिलं नव्हतं. तिला एकदम रडूच आलं. डोळे पुसून तिनं मनातलं विचारलं, "त्या लोकांच्या तोंडावर जे बोलतात, ते आजाराचं असतं की त्यांचं?"

"खरं सांगू? ठरवता येत नाही. मनात दाबून ठेवलेलं बाहेर येतं, हे होतंच. पण कधी कधी मनात नसलेलंही येतं. त्यामुळे प्रत्येक वाक्य मनाला लावून घेऊ नका."

डॉक्टरनं आणखी एक बजावलं. गर्दी, गोंगाट, घाई, या तिन्हींत हा भाग लवकर दमतो. मोठ्या समारंभाची जबाबदारी आता देऊ नका, असं तिनं लिहूनही दिलं.

घरी येऊन नयननं दिपेशला कागद दाखवला. दिपेशनं तो वाचला आणि थेट कुंडलिककाकांना बोलावलं. काका म्हणजे त्याचे चुलते, घरातले मोठे, लग्नकार्याचे जाणकार. आगरी घरात धवलारणीच्या डोक्याची परीक्षा कशी घेतात? गाणी विचारून. काकांनी ओटीवर बसून एकेक विचारलं, तेलाचं म्हण, मांडवाचं म्हण, मुहूर्तमेढीचं म्हण. कमळाबाईंनी सांगितलं ते गाणं धाडधाड म्हटलं. कोणतं कधी हे तर काकाच सांगत होते, मग चुकायचं कशाला? तासभर परीक्षा चालली. काकांनी मांडीवर थाप मारली.

"वयनीचे डोक्याला काय झालंय? त्या डॉक्टरनीला येतो का एक तरी धवला?"

दिपेश हसला. बाहेर जमलेल्या बायकांत मात्र कोणीतरी हळूच म्हणालं, पण नयनला ऐकू जाईल इतपत, की ताटाची घाई झालेली दिसते. त्या एका वाक्यानं तिचं तोंड बंद झालं.

तसं बघायला गेलं तर तिनं आपणहूनही तोंड बंदच ठेवलं असतं. हे तिनं कोणाला सांगितलं नाही, पण खरं ते खरं. सासूचं डोकं ठिकाणावर नाही हे एकदा गावानं मानलं, तर त्या हातून मिळालेल्या ताटाला कोण विचारणार? शुद्धीवर नसलेल्या म्हातारीनं दिलं, असंच म्हणतील. तिला ताट हवं होतं, आणि ते कमळाबाईंच्या शाबूत हातून हवं होतं. सत्तावीस वर्षं थांबल्यावर चार महिन्यांसाठी ती कशाला घालवेल? डॉक्टरचा कागद तिनं कपाटात घातला. समृद्धीला म्हणाली, "मी आहे ना गुडघ्याशी. होईल नीट."

हळद शनिवारी दुपारी चारला होती. घरापुढच्या मैदानात मांडव, फुलांच्या कमानी, पिवळ्या कपड्यांतली पाहुणेमंडळी, मोठाले स्पीकर. सगळी व्यवस्था जगन नावाच्या इव्हेंटवाल्याकडे. तो दर दहा मिनिटांनी येऊन कमळाबाईंना सांगायचा, "आजी, साडेपाचला आवरायचं हां, मग डीजे आहे." कमळाबाई दर वेळी त्याला म्हणायच्या, "तू कोनाचा रं?" गर्दी, गोंगाट, घाई, काही कमी नव्हतं. नयन सासूच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. पाटावर समृद्धी, हळदीनं माखलेली, हसरी. विठ्ठलवाडीहून नणंद चित्रा आली आणि समोरच्या रांगेत बसली. लग्नानंतर तिनं मांडवात गाणं सोडलं होतं, तिच्या सासरी ते आवडायचं नाही.

पहिले चार धवले सुरळीत झाले. थांब, पुढचं, थांब, पुढचं. नयनचा हात इतका सरावलेला होता की कोणाच्या नजरेला पडला नाही. मग दिपेशनं माईक घेतला.

"आज आमच्या घरात मोठा दिवस आहे. आई आज ताट माझ्या मिसेसच्या हातात देणार."

टाळ्या झाल्या. कुंडलिककाकांनी ताट कमळाबाईंच्या हातात दिलं आणि दिपेशनं माईक त्यांच्या तोंडापुढे धरला. नयननं पदर पुढे केला. कमळाबाईंनी ताट उचललं आणि अर्ध्यावर थांबल्या. त्यांची नजर समोर चित्रावर गेली आणि चेहरा उजळला.

"हिचे गल्यात सूर नाय गो," त्या म्हणाल्या. माईक असल्यामुळे ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. "पयले दिसापासून नाय. गानारी खरी माझी चित्रा. पन लेक दुसरे घरा जाते, ताट बी तिचेसंगती गेला असता. म्हनून हिला धरली. ही कुठं जानार? कोनचा गाना कवा घ्यावाचा, तेवरा हिला बरोबर समजतं. गल्याचं काय, मीच वरून मोठ्यानं म्हनायची, हिचा आवाज झाकायची. सत्तावीस वरसं झाकला."

आवाजात राग नव्हता, कुचकेपणा नव्हता. आमटीत मीठ किती घातलं ते सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

मांडव हसला. बिनधास्त आजी बोलल्या म्हटल्यावर हसायचंच असतं, त्याच्यासाठीच तर मोबाइल वर धरून बसले होते सगळे. दिपेश सगळ्यांत मोठ्यानं हसला. "आई पण ना," तो माईकवर म्हणाला. एका बाईच्या अख्ख्या आयुष्याखालची जमीन भर मांडवात काढून घेतली गेली आणि लोकांनी तिला टाळी दिली. समृद्धी तेवढी हसली नाही. तिनं आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

नयननं डॉक्टरचं वाक्य घट्ट धरलं. मनात नसलेलंही येतं. पुन्हा पुन्हा तेच मनाशी म्हटलं. पण दुसरीकडून एकेक गोष्ट समोर यायला लागली. गला जप. तुझी पाली येल तवा. तू मागून धर, हलू धर. गळ्यावरून फिरलेला तो हात. माया समजून तिनं जपलं होतं ते सगळं, एकेक करून, या नव्या वाक्यात नीट जाऊन बसत होतं.

आणि ताट? ते कमळाबाईंनी दिलंच. काही बोललोच नाही अशा थाटात सुनेच्या हातात ठेवलं आणि पुढचा धवला उचलला.

तो हळद उतरवायचा होता. सहा कडवी. कमळाबाईंनी सहा म्हटली आणि पुन्हा पहिल्यावर गेल्या. बायका मागून म्हणत राहिल्या, म्हाताऱ्या बाईनं हौसेनं परत घेतलं असेल. दुसऱ्यांदा सहा झाली, पुन्हा पहिलं. आता गुडघा दाबायला हवा होता. एकदाच, हलकेच. नयनचे दोन्ही हात ताटावर होते. ते तिनं तिथेच ठेवले.

तिसऱ्यांदा बायका कुजबुजायला लागल्या. चौथ्यांदा मागचे आवाज गळाले आणि कमळाबाई एकट्याच म्हणत राहिल्या. पाचव्यांदा कोणीतरी फिस्सकन हसलं. जगन हातातलं घड्याळ दाखवत येरझाऱ्या घालत होता. कमळाबाईंना थांबायचं होतं हे नयनला दिसत होतं. त्यांच्या कपाळावर घाम होता, घसा बसत चालला होता, डोळे भिरभिरत होते, पण कडवं संपलं की तोंड आपोआप पहिल्या ओळीवर जायचं. आणि मग त्यांचा गुडघा सरकला. सरकून नयनच्या हाताशी आला आणि तिथे थांबला. दोन वर्षं ज्या खुणेवर त्यांचं डोकं चाललं होतं, ती खूण मागायला तो आला होता.

नयननं ताट आणखी घट्ट धरलं. तिला बरं वाटत होतं. याची पुढे तिला शरम वाटायची होती, पण त्या घडीला तिला मनापासून बरं वाटत होतं. आता झाका कोणाला झाकायचं ते. बघू दे लोकांना, कोण कोणाला झाकत होतं.

"आई," समृद्धी पाटावरून म्हणाली. हळद तिच्या अंगावर वाळून तडकली होती. "आई, प्लीज. आजीला थांबव ना."

नयननं लेकीकडे पाहिलं नाही. सातव्यांदा पहिलं कडवं सुरू झालं तेव्हा कमळाबाईंचा आवाज फुटला आणि त्या तशाच फाटक्या आवाजात ओढत राहिल्या.

तेव्हा चित्रा उठली. ती येऊन आईच्या शेजारी बसली, तिचा हात हातात घेतला आणि चालू ओळ मध्येच उचलली. उचलून ती शेवटच्या कडव्यावर नेली आणि गाणं पुरं केलं. कमळाबाईंचं तोंड मिटलं. मांडवातली कुजबुज थांबली. मग लगेच, थांबलेलं बरं दिसणार नाही म्हणून असेल, चित्रानं कुलदेवीचा धवला घेतला.

पंचवीस वर्षं न वापरलेला गळा. पहिल्या ओळीला थोडा खरखरला, दुसऱ्या ओळीला मोकळा झाला. नयनचा जन्म गाण्यात गेला होता. तिला सूर लावता येत नसेल, कळत मात्र होता, आणि दोन ओळींत तिला कळलं. मांडवातल्या बायका कोणी न सांगता मागून म्हणायला लागल्या. कुंडलिककाकांनी डोळे मिटले. जगननं घड्याळ बघायचं सोडलं. आजाराचं की त्यांचं, हा प्रश्न आता कोणाला विचारायची गरज उरली नाही. म्हातारीनं अगदी खरं सांगितलं होतं. तिनं त्या वेळी निवडही शहाणपणानं केली होती, डोकं पुरतं शाबूत असताना, विचार करून. नयन गाते म्हणून नाही, नयनला जायला दुसरी जागा नाही म्हणून.

कमळाबाई मांडवाच्या खांबाला टेकल्या होत्या. दम लागला होता, पण चेहऱ्यावर निव्वळ आनंद. त्यांनी सुनेच्या हातावर हात ठेवला.

"बघ, गला कसा हाय. बोललू व्हतो ना तुना?"

"हो आई," नयन म्हणाली.

कुलदेवीचं गाणं संपत आलं. चित्रा गात गातच चुळबुळायला लागली. गाणी तिला येत होती, पण कोणतं कशानंतर हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. शेवटची ओळ बायकांवर सोपवून ती मागे झुकली आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "वहिनी, यापुढं काय? मला नाही माहीत."

पाटावर समृद्धी थांबली होती. बायका थांबल्या होत्या. पुढचं काय हे सबंध मांडवात आता एकाच डोक्यात होतं. नयननं ताट चित्राच्या मांडीवर ठेवलं आणि पुढे होऊन तिच्या कानात पुढच्या धवल्याची पहिली ओळ सांगितली. माईक चालू होता, म्हणून आवाज अगदी हळू ठेवला.